न वाचून दाखवलेला शब्द

दुपारी जेवून जरा आडवी झाले की मला अजूनही टाइपरायटरची घंटी ऐकू येते. ओळ संपत आली की वाजायची ती, बारीक, एकदाच. टाइपरायटर घरात नाही, कधीच देऊन टाकला. तरी डोळा लागता लागता घंटी वाजते, माझी बोटं चादरीवर हलतात आणि सून हसत म्हणते, "आई, झोपेत कुणाचा अर्ज चाललाय?"

कुणाचा ते मलाही नीट सांगता येत नाही. माणसं येतात, समोरच्या बाकावर बसतात, पिशवीतून घडी केलेला कागद काढतात. त्यांच्या मागे शिवनेरीचा कडा असतो. दुपारच्या धुरकट उन्हात तो कडा जमिनीपासून सुटून थोडा वर उचलल्यासारखा दिसायचा, स्वप्नात तर तो तसाच तरंगत राहतो. कागद मी हातात घेते, आणि त्यावर अक्षरं असतात पण वाचता येत नाहीत. मग जाग येते आणि चहाची वेळ झालेली असते.

जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ एका दुकानाच्या ओट्यावर माझं टेबल होतं. वारूळवाडीहून सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असं तीस वर्षं केलं. पाटीवर लिहिलं होतं, 'इंग्रजी-मराठी टायपिंग व भाषांतर'. वकिलांचं काम वेगळं आणि दस्त लिहिणाऱ्यांचं वेगळं. माझ्याकडे या दोघांच्या मधली माणसं यायची. कुणाच्या हातात इंग्रजी कागद पडलेला असायचा आणि त्यात काय आहे ते कळत नसायचं. कुणाला आपलं म्हणणं इंग्रजीत करून कुठेतरी लांब पाठवायचं असायचं. सगळे मला 'बाई' म्हणायचे. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण इंग्रजी येणारी बाई म्हणजे मास्तरीणच, असा हिशेब असावा.

कामाची रीत सोपी होती. आधी कागद मनातल्या मनात पूर्ण वाचायचा. मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. मग अर्थ सांगायचा. आणि उलट काम असेल तर त्याची सगळी कहाणी ऐकून घ्यायची, पाल्हाळ कापायचा आणि दोन ओळींत इंग्रजी बसवायचं. हे कापणं हेच माझं कसब, असं मी मानायचे. सासऱ्यापासून सुरू झालेली हकीकत मी अर्ध्या पानात आणायचे आणि लोक कौतुकाने म्हणायचे, "बाईंचं पत्र लई आखूड, पन काम करून येतं." त्या वाक्याने मी फुगायचे, हे कबूल केलेलं बरं.

इंग्रजीत लबाडीसाठी शब्दांची वानवा नाही. त्यातला माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त आलेला शब्द म्हणजे डिसीट. नुसतं खोटं बोलणं म्हणजे हा शब्द नव्हे. पोराने शाळा बुडवली आणि पोट दुखत होतं म्हणाला, ते साधं खोटं. डिसीटमध्ये बेत असतो. जे नाही ते आहे असं चित्र समोरच्याच्या मनात जाणूनबुजून उभं करायचं आणि त्याला त्या चित्राच्या भरवशावर पुढे चालू द्यायचं. मराठीत याला नेमका एक शब्द मला सापडला नाही. फसवणूक म्हटलं तर व्यवहारातली वाटते, लबाडी म्हटलं तर कोल्ह्याची गोष्ट आठवते आणि कपट म्हटलं की पुराणातली माणसं डोळ्यांपुढे येतात. मी बहुतेक वेळा 'जाणूनबुजून केलेली फसवणूक' असं लिहून मोकळी व्हायचे. कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर सांगायचे की यासाठी एकही खोटं वाक्य बोलावं लागत नाही, नुसतं गप्प बसूनही हे करता येतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेला आलं नाही, म्हणून विसरले.

एकदा आळेफाट्याचे एक गॅरेजवाले आले. त्यांना गॅरेजवर इंग्रजी पाटी लावायची होती. इथे फसवणूक होत नाही, असं लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, असं लिहिलं की उलट लोकांना शंका येते."

"मराठीत लिवलं की येती," अण्णा म्हणाले. "इंग्रजीत लिवलं की वाचतं कोन? पन इस्वास बसतो."

मग 'नो डिसीट' एवढंच लिहून दिलं, त्यांनी ते लाल रंगात हातभर अक्षरांत काढून घेतलं. पुढे त्या गॅरेजला लोक 'नोडिसीट' असंच म्हणायला लागले. नाशिककडे जाणारे ट्रकवाले एकमेकांना सांगतात, "नोडिसीटवर लाव गाडी, मानूस चांगला हाय." मी त्या पाटीचे फक्त दहा रुपये घेतले होते, त्याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

डिंगोऱ्याचे एक गृहस्थ होते, ते तर तापून आले होते. मुलीचा साखरपुडा झाला होता. मुलगा कंपनीत इंजिनिअर आहे असं सांगितलेलं आणि निघाला त्याच कंपनीच्या गेटावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करणारा. त्यांना कंपनीच्या साहेबाला इंग्रजीत पत्र पाठवायचं होतं. "लई कडक शब्द टाका, बाई. वाचून घाम फुटला पायजे." मी डिसीट टाकला आणि माझ्या सवयीप्रमाणे अर्थही समजावून सांगितला. नसलेलं चित्र, समोरच्याचा भरवसा, सगळं. ते ऐकता ऐकता थंड होत गेले. बराच वेळ स्टँडवरच्या गाड्या बघत बसले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "आमी बी पोरीचं वय दोन वर्सांनी कमी सांगितलंय. ह्यो शब्द दोनी घरांना लागंल. ऱ्हाऊ द्या, खोडा."

मी खोडला. लग्न झालं. त्या दोघांचं छान चाललं आहे, मुलगा अजून गेटावरच आहे आणि बाजारात भेटला की मला नमस्कार करतो.

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण दुपारच्या त्या अर्धवट झोपेत समोरच्या बाकावर गॅरेजवाले अण्णाही येऊन बसत नाहीत आणि डिंगोऱ्याचे गृहस्थही नाहीत. येते ती भागूआजी. तिचं मी हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

जुन्नरहून पश्चिमेला घाटाच्या तोंडाशी एक वाडी आहे. तिथून मोठ्याने हाक मारली तर कोकणात ऐकू जाईल, असं तिथले लोक म्हणतात. भातखाचरं, नाचणी, वरई आणि वर्षातले चार महिने धुकं. तिथल्या बायकांच्या बचत गटाने हातसडीचा तांदूळ विकायला सुरुवात केली होती. शहरातल्या एका कंपनीने तो घ्यायचं ठरवलं. पाच-पाच किलोच्या कापडी पिशव्या, त्यावर वाडीचं नाव आणि 'यंदाचं पीक' असं छापलेलं. गटाची प्रमुख भागूआजी, वय सत्तरीच्या पुढे, अंगठा देणारी. तिची सून संगीता मराठी वाचायची, सगळे कागद तीच सांभाळायची. पहिल्यांदाच वाडीचं नाव कशावर तरी छापलं गेलं होतं. आजी एक रिकामी पिशवी नेहमी जवळ ठेवायची आणि कुणी दिसलं की ते नाव दाखवायची.

एका सकाळी त्या दोघी माझ्याकडे आल्या. कंपनीचं इंग्रजी पत्र पोस्टाने आलं होतं. रिवाजाप्रमाणे मी ते मनात वाचलं. तपासणीत प्रत्येक पिशवीत मागच्या सालचे दाणे सापडले आहेत, असं त्यात होतं. यंदाचं पीक असं छापून जुना माल मिसळणं हे आमच्या दृष्टीने डिसीट आहे. हे गटाने जाणूनबुजून केलं का, त्याचं उत्तर गटप्रमुखाच्या सहीने द्यावं.

मग रिवाजाप्रमाणे मी तोंडाकडे बघितलं. आजीच्या मांडीवर ती पिशवी होती, नाव वर येईल अशी घडी घातलेली. ती माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होती की तो शब्द माझ्या जिभेवरून मागे फिरला. एवढ्या लांबून, बोचऱ्या थंडीत, पहिल्या गाडीने आलेल्या म्हातारीला मी काय सांगू, की तुला लबाड म्हणतात?

"काही विशेष नाही, आजी," मी म्हटलं. "पिशवीत जुने दाणे सापडले म्हणतात. ते तुम्ही मुद्दाम टाकले का, एवढंच विचारतात."

आजीचं तोंड उजळलं. "येवढंच व्हय? टाकले की. मुद्दामच टाकले. मी सवता, ह्या हातानं."

आणि तिने सांगितलं. त्यांच्याकडे नवं भात कणगीत भरताना जुन्यातलं मूठभर आधी तळाशी घालतात. कणगी कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, जुन्याने नव्याला हाताला धरून घरात आणायचं. तांदूळ परक्या घरी जायचा तर तिथेही सरू नये, म्हणून तिने प्रत्येक पिशवीत जुन्याची एकेक मूठ घातली होती. "पोरीला सासरी धाडताना वटी भरतो का न्हाई? तसंच हे. आन जुना तांदूळ म्हागाचा असतो, बाई. त्यो फुकट कोन घालतंय?"

मला ते ऐकून फार छान वाटलं. धुक्यातली वाडी, कणगी, तिचा सुरकुतलेला हात, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मग मी काय केलं, तर माझं कसब वापरलं. ऑफिसातला माणूस कणगीची कहाणी कशाला वाचतोय, असं म्हणून सगळं कापलं. पत्र तीन ओळींचं झालं. होय, प्रत्येक पिशवीत जुना तांदूळ आम्ही जाणूनबुजून घातला. आमच्याकडे ही नेहमीची पद्धत आहे. कळावे. आजीने खाली अंगठा दिला. जाताना म्हणाली, "बाई, तुमी हाय म्हून बरं."

उत्तर तीन आठवड्यांनी आलं असावं. ते घेऊन संगीता एकटीच आली आणि बाकावर बसली नाही, उभीच राहिली. तुम्ही लेखी कबुली दिली आहे आणि ही तुमची नेहमीची पद्धत असल्याचंही कळवलं आहे, सबब सगळ्या पिशव्या परत पाठवत आहोत आणि पुढची खरेदी बंद करत आहोत, असं त्यात होतं. त्या पत्रातही तो शब्द होता, या वेळी दोनदा.

"पिशव्या आल्या बी," संगीता म्हणाली. "टेम्पोनं आनून देवळापुढं टाकल्या. बाया म्हंत्यात, म्हातारीनं वाडीचं नाव घालवलं. गटातनं काढलं त्यांना. कुनी बोलंना झालंय. त्या जेवत न्हाईत, बाई. बसूनच आसत्यात." मग तिने विचारलं, "कबुली कसली म्हंत्यात ही? आमी काय कबूल केलंवतं?"

मी तिला त्या दिवशीही खरं सांगितलं नाही. बघते, काहीतरी करू, एवढंच म्हटलं. ती गेल्यावर तिने ठेवून गेलेली दोन्ही पत्रं आणि माझ्या उत्तराची नक्कल मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. माझ्या तीन ओळींत एकही शब्द खोटा नव्हता, आणि तिन्ही ओळी मिळून म्हातारीला लबाड ठरवत होत्या. प्रश्न काय आहे ते तिला माहीतच नव्हतं. तिने दुसऱ्याच प्रश्नाला हो म्हटलं होतं. त्या दिवशी मी संध्याकाळच्या गाडीत बसले आणि वारूळवाडी आली तेही मला कळलं नाही, कंडक्टरने हाक मारून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी टेबल मांडलंच नाही. स्टँडवरून घाटाकडची गाडी धरली. त्या प्रवासाचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. आपटाळ्याच्या पुढे धुकं लागलं आणि खिडकीबाहेरचं सगळं पुसून गेलं. मधूनच एखादा माणूस दिसायचा, डोक्यावर भारा, आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. आपण कुठे जात नसून कुणीतरी आपल्याला हलकेच मागे मागे नेत आहे, असं वाटत होतं. गाडी कधीच पोचू नये असंही वाटत होतं. पण ती पोचली.

देवळापुढे पिशव्यांची थप्पी होती, वरून ताडपत्री. मी संगीताला सांगितलं, आजीला बाहेर आण आणि गटातल्या सगळ्या बायकांना बोलाव. बायका आल्या, लांब लांब बसल्या. आजी काठी टेकत आली आणि पायरीवर बसली. तिच्या हातात पिशवी नव्हती.

मी उभी राहून सगळं सांगितलं. पहिल्या पत्रात एक शब्द होता. त्याचा अर्थ जाणूनबुजून केलेली फसवणूक. तुम्ही तशी फसवणूक केली का, असं कंपनीने विचारलं होतं. तो शब्द मी आजीला वाचून दाखवला नाही. तिने मुठीची सगळी हकीकत सांगितली, तीही मी पत्रात लिहिली नाही. वाडीचं नाव आजीने घालवलं नाही, ते माझ्या हातून गेलं.

देवळाच्या कौलांवरून दव टपकत होतं. आजी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काहीतरी समजून घेत असल्यासारखी.

"बाई, त्या शब्दाचा अर्थ तुमाला तवाच ठावं व्हता?"

"हो."

"मग आमाला का न्हाई सांगितला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तिने मान हलवली. "म्हंजी तुमच्या मनात एक, आन आमी समजलो दुसरं. आन तसंच आमाला घरला जाऊ दिलं." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. "मग त्यालाच त्यो शब्द म्हंत्यात का?"

मी हो म्हटलं. कॉलेजातल्या सरांची ती वही मला त्या पायरीवर आठवली.

मी तिथेच खाली बसले. बायकांपैकी कुणीतरी कोरा चहा आणून दिला. तो घेताना मला रडू आलं आणि आजीनेच माझ्या पाठीवर हात फिरवला, याची मला आजही लाज वाटते. मग ती म्हणाली, "आता लिवा. समदं लिवा. काय कापू नका."

देवळाच्या पायरीवर गुडघ्यावर वही ठेवून मी तिच्या तोंडचं सगळं इंग्रजीत लिहिलं. कणगी, तळाची मूठ, सासरी निघालेली पोर, महागाचा जुना तांदूळ, सगळं. चार पानं झाली. इतकं लांब पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. शेवटी माझं नाव घालून लिहिलं, की तुमचा शब्द या बाईंना सांगितलाच गेला नव्हता, भाषांतर करणारीने तो लपवला. या सगळ्या प्रकरणात तो शब्द कुणाला लागू पडत असेल तर मला. मग ते पत्र पुन्हा मराठीत करून सगळ्यांना शब्दन् शब्द वाचून दाखवलं. आजीने अंगठा दिला, आणि तिच्यामागून सगळ्या बायकांनी सह्या-अंगठे दिले. पत्राला त्याची गरज नव्हती, पण एक उठली आणि मग सगळ्याच उठल्या.

कंपनीतली एक तरुण मुलगी स्वतः वाडीवर येऊन गेली. आजीच्या घरची कणगी बघितली, जेवली. खरेदी पुन्हा सुरू झाली, फक्त एका अटीवर. पिशवीत जुनी मूठ घालायची नाही, कारण छापलंय ते खरं असलं पाहिजे. आजीने ते मान्य केलं. "त्यांची पिशवी, त्यांचा कायदा," म्हणाली. बायकांनी तिला पुन्हा गटाची प्रमुख केलं. माझी चूक निस्तरली गेली, असं लोक म्हणतात. पण त्या पिशव्या आता मुठीशिवाय जातात, आणि पहिलं पत्र मी चार पानांचं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

त्यानंतर मी टेबलावर आलेला प्रत्येक कागद सगळाच्या सगळा वाचून दाखवू लागले, शिव्यासुद्धा. काही गिऱ्हाइकं दुखावली, काही तुटली. पुढे फोन आले. आता कागदावर फोन धरला की मराठी उमटतं. त्यात चुका असतात, वाक्यं लंगडतात, पण तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाही. मी टेबल उचललं त्याला आता काही वर्षं झाली.

दर साली भात झोडून झालं की संगीता जुन्नरच्या बाजाराला येते तेव्हा माझ्यासाठी एक पिशवी कुणाबरोबर तरी पाठवते. पहिल्या वर्षी मात्र आजी स्वतः आली होती, वारूळवाडीपर्यंत, दोन गाड्या बदलून. पिशवी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"ह्यात जुनी मूठ हाय बरं का, बाई," ती म्हणाली. "आदीच सांगून टाकते. न्हाईतर तुमचा त्यो शब्द मला चिकटायचा."

आणि तोंडाला पदर लावून हसली. मी पण हसले, मग दोघीही बराच वेळ हसत राहिलो.

आजी आता नाही. पिशवी अजून येते. दुपारी मी गच्चीवर सूप घेऊन बसते आणि तांदूळ निवडते. पांढऱ्या दाण्यांत मधूनच पिवळसर, जुने दाणे दिसतात. खडे आणि तुसं मी काढते. ते दाणे राहू देते.